घरचे हात कोणत्या खात्यात?

जूनचा शेवटचा आठवडा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पावसाच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर वीज गेली आणि एका छोट्या गाळ्यातली सीएनसी मशीन थांबली. एरवी इथे दुपारी तीन वाजता शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी आलं.

गाळा मामांचा. आयटीआयमधला टर्नर ट्रेड, मग मोठ्या कारखान्यात उमेदवारी, मग तशाच कारखान्यांना सुटे भाग करून देणारा भाड्याचा गाळा. अंबड आणि सातपूरमधल्या कितीतरी लघुउद्योजकांची गोष्ट या तीन टप्प्यांत सांगता येते. समोर बसलेली भाची शहरातल्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवते. तिच्या तासांपैकी एक विषय ‘उद्योजकता आणि लघुउद्योग व्यवस्थापन’. नावांची इथे गरज नाही, मामा आणि भाची एवढं नातं पुरे. टेबलावर चहाचे कप होते, डिलिव्हरी चलानचं पुस्तक होतं आणि बीबीएचं एक माहितीपत्रक. त्याच्या कोपऱ्यावर एव्हाना कुलंटचा डाग पडला होता.

माहितीपत्रक मामांच्या धाकट्या मुलीने आणलेलं. बारावी झाली, प्रवेश परीक्षा दिली, आता फॉर्म भरायचा होता. ती मागच्या बाकावर बसून बुश या सुट्या भागांवरची बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, काढत होती आणि दोघांचं ऐकत होती.

“तीन वर्षं धंदा वाचायचा,” मामा म्हणाले, “आणि करायचा कधी?”

“तुम्ही उमेदवारी केलीत तेव्हा असं कुणी विचारलं का?”

“उमेदवारीत मशीनवरच उभा होतो. हात काळे होत होते. तुझ्या वर्गातल्या पोरांचे हात कशाने काळे होतात?”

भाचीने लगेच उत्तर दिलं नाही. प्रश्न तिला नवा नव्हता, आणि तिच्या वर्गाचं दुखणं तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. उद्योजकाची व्याख्या, उद्योजकाची गुणवैशिष्ट्ये, शुंपीटर यांचा नवनिर्मितीचा सिद्धांत, लघुउद्योगांचे महत्त्व, शासकीय योजना. मुलं हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात, पास होतात. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा विचारली तर चटकन सांगतात: १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत. पण पाच हजारांच्या मालाची किंमत काय लावायची म्हटलं की वर्ग गप्प होतो.

“तुमचं निम्मं खरं आहे,” ती शेवटी म्हणाली. “निम्म्यासाठी मी भांडणार आहे.”

मामांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा पहिला पुरावा सरकारी होता. “पीएमईजीपीचं कर्ज घ्यायला गेलेल्या माणसाला शिक्षण किती लागतं, सांग. मोठ्या प्रकल्पालाही आठवी पास. सरकारलाच पदवी नको आहे, तुला कशाला पाहिजे?”

माहिती बरोबर होती. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी दहा लाखांच्या वर आणि सेवा उद्योगासाठी पाच लाखांच्या वर प्रकल्प गेला, तरच किमान आठवी पासची अट लागते. २०२२ पासून उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाखांवर गेली तरी ही अट तेवढीच राहिली.

“पण त्या कर्जाला प्रकल्प अहवाल लागतो ना?” भाची म्हणाली. “तो कोण लिहितं?”

“सीए.”

“आणि सही?”

“आपली.”

“वाचून?”

मामा हसले. मशीनचं कर्ज काढताना त्यांच्या अहवालात पहिल्या वर्षी क्षमतेच्या साठ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ऐंशी टक्के काम धरलं होतं. हे आकडे कुठून आले, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि सीएने सांगितलं नव्हतं. बँकेने मात्र त्याच आकड्यांवर हप्ता बांधून दिला.

अंबडहून मुंबई-आग्रा रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर पांडवलेणी, आणि पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक. मामांनी तिकडेच हात केला. “ते बघ. त्र्यंबकला जन्मलेला माणूस, या देशात सिनेमाचा धंदा उभा केला. कुठल्या कॉलेजात गेले होते धंदा शिकायला?”

हे उदाहरण मामांनी जिंकण्यासाठी काढलं होतं, पण ते दोन्हीकडून कापणारं निघालं. भाचीला फाळके नीट ठाऊक होते.

“कॉलेजात गेले होते मामा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, मग बडोद्याच्या कलाभवनात. छायाचित्रण, छपाई, ब्लॉक करणं, सगळं शिकलेले. १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले ते सिनेमाचं तंत्र बघायला आणि कॅमेरा आणायला. परत आल्यावर पैसेवाल्यांना भाषणं दिली नाहीत. वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं चित्रित केलं आणि ती चिमुकली फिल्म दाखवली. बी रुजतं, कोंब येतो, वेल चढतो, सगळं डोळ्यांदेखत. पैसा त्यावर उभा राहिला. आम्ही वर्गात ज्याला नमुना म्हणतो, तो हाच.”

“आणि सरस्वतीबाईंचे दागिने?”

“तेही गेले. ते मी मुलांना सांगते.”

“मग ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. हे सगळं धाडसाने झालं. धाडस तुझ्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे?”

“पुढचं ऐका. १९१३ मध्येच ते बिऱ्हाड आणि धंदा नाशिकला घेऊन आले. १९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्थान कंपनी काढली. भांडवल आलं, माणसं आली. आणि दोनेक वर्षांत भागीदारांशी खर्चावरून, कारभारावरून इतकं बिनसलं की फाळके आपणच उभी केलेली कंपनी सोडून काशीला निघून गेले. पुढे परतले, पण घडी पूर्वीसारखी बसली नाही. १९४४ मध्ये नाशिकलाच वारले. कला होती, हिंमत होती, तंत्र होतं. भागीदारीत कुणी काय ठरवायचं, खर्चाला मर्यादा कोण घालणार, हे कागदावर नीट नव्हतं. तेवढं कुणी शिकवलं असतं तर?”

गाळ्यात क्षणभर फक्त पत्र्यावरचा पाऊस वाजत राहिला. फाळक्यांचं सगळं अपयश एका कागदावर ढकलणं बरोबर नाही, हे भाचीलाही कळत होतं. बोलपटाचं युग आलं, चव बदलली, वयही झालं. पण भागीदारीचा मुद्दा मामांना लागला, कारण त्यांचाही एक भागीदार होता आणि तो का गेला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“सिनेमाचं सोड,” मामा म्हणाले. “द्राक्षं घे. सुला वाइन काढणारा स्टॅनफर्डला शिकला म्हणतात. पण त्याच्या घरची इथे जमीन होती. आमच्या दिंडोरीच्या पोराला जमीन गुंठ्यात मोजावी लागते.”

“राजीव सामंतांचं मी फार सांगत नाही. त्यांनाही आधी आंबा, गुलाब, खायची द्राक्षं करून बघावी लागली. वाइन बनवता येत नव्हती म्हणून कॅलिफोर्नियाहून जाणकार आणला. आपल्याला काय येत नाही हे ओळखलं, तेवढं घ्यावं. मी सांगते मोहाडीचं. सह्याद्री फार्म्स.”

मोहाडी दिंडोरी तालुक्यात, मामांच्या सासुरवाडीकडे, त्यामुळे ते सावरून बसले. विलास शिंदे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकले, गावी शेतीत उतरले, कर्जात बुडाले, मग थोड्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन द्राक्ष निर्यातीकडे वळले. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि युरोपात माल अडकला, तेव्हा नाशिकच्या निर्यातदारांचं कंबरडं मोडलं. त्याच सुमारास सह्याद्री शेतकरी उत्पादक कंपनी म्हणून उभी राहिली आणि पुढे देशातली आघाडीची द्राक्ष निर्यातदार झाली. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात ३१० कोटी रुपये घातले.

“तो माणूस धंदा शिकलेला नाही, शेती शिकलेला आहे,” मामांनी बोट ठेवलं.

“मान्य. पण युरोपला द्राक्षं जातात ती कशावर? बागेची सरकारच्या ग्रेपनेटवर नोंद. कोणत्या दिवशी कोणती फवारणी, किती, किती दिवसांनी काढणी. पेटीवरून प्लॉटपर्यंत मागे जाता आलं पाहिजे. द्राक्षाची गोडी तिथे पोचायच्या आधी वही पोचते, मामा. पोचलेल्या वहीला जगात किंमत आहे. लघुउद्योग व्यवस्थापन म्हणजे मी एवढंच म्हणते.”

मामा वहीवर हसणाऱ्यांतले नाहीत. त्यांच्याकडे हजेरीची वही आहे, चलानचं पुस्तक आहे, उधारीची डायरी आहे. पण त्या तिन्ही वह्या एकमेकींशी बोलत नाहीत. भाचीचा सगळा रोख तिकडे होता.

धंदा शिकवता येतो का, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १९६४ मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या मदतीने आंध्रातल्या काकीनाडा गावच्या व्यापारी-उद्योजकांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. काहीतरी करून दाखवायची ओढ माणसात जागवता येते, असा त्यांचा दावा होता. शिकून गेलेले लोक पुढे जास्त हालचाल करताना दिसले. त्या प्रयोगाच्या मागोमाग देशात उद्योजकता प्रशिक्षणाची वाट रुळली. १९८३ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय पातळीवरची संस्था निघाली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, तेव्हाच्या औरंगाबादेत. कॉलेजांचे अभ्यासक्रम त्याच वाटेवरचे. मात्र काकीनाड्याच्या वर्गात बसलेली माणसं आधीच दुकान-कारखाना चालवत होती. कॉलेजने तो धडा घेतला आणि तो माणूस बाहेर ठेवला.

नंतरचे पुरावे भाचीने स्वतः मांडले, तिच्या विरुद्ध जाणारेसुद्धा. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांकडून वर्षभर छोटी कंपनी चालवून घेणाऱ्या एका नावाजलेल्या कार्यक्रमाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची कौशल्यं वाढल्याचं दिसलं नाही. धंदा करायची इच्छा तर कमी झाली.

“कमी झाली?” मामांना आनंद लपवता आला नाही.

“हो. आणि मला त्यात वाईट वाटत नाही. ज्याला जमणार नाही त्याला विसाव्या वर्षी कॉलेजात कळलेलं बरं, की पंचेचाळिसाव्या वर्षी घर गहाण टाकल्यावर?”

हे उत्तर मामांनी आत कुठेतरी ठेवून दिलं. पंचेचाळिसाव्या वर्षी घर गहाण टाकलेला माणूस त्यांच्याच ओळीत, चार गाळे सोडून होता.

“आता आपल्या जवळचं,” भाची पुढे म्हणाली. “तारापूर आणि उंबरगावकडच्या कापड गिरण्या. स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २००८ पासून काही गिरण्यांमध्ये सल्लागार पाठवले. नवी मशीन दिली नाही, कर्ज दिलं नाही. सूत कुठे किती आहे ते लिहा, मशीन बंद पडली तर का पडली ते लिहा, खोट निघाली तर रोज बसून बघा, जागा साफ ठेवा. पहिल्या वर्षात उत्पादकता सतरा टक्के वाढली. आणि मालकांनी हे आधी का केलं नव्हतं? बऱ्याच जणांना वाटत होतं आपलं ठीक चाललंय.”

मामा थोडा वेळ विचार करत राहिले. मग त्यांनी त्या दुपारचं सगळ्यात नेमकं वाक्य टाकलं. “म्हणजे सल्लागार कारखान्यात आले. मालक कॉलेजात गेले नाहीत.”

इथे भाची अडली, आणि अडल्याचं तिने लपवलं नाही. जिथे शिकवण्याचा ठोस परिणाम दिसला, तिथे शिकवणारा मशीनपाशी उभा होता. आपल्याकडे उद्योजकतेचा पेपर चार भिंतींत होतो, औद्योगिक भेट म्हणजे बसमधून जाऊन फोटो काढून येणं, आणि प्रकल्प वहीत मागच्या वर्षीच्या मुलाचा मजकूर. २०२४-२५ पासून बीबीए एआयसीटीईच्या छत्राखाली आलं, प्रवेशाला सीईटी आली. यातून वर्गाबाहेरचं जग किती आत येईल, ते अजून दिसायचं आहे. मामांची तक्रार खरी होती, आणि या लेखाचंही तेच म्हणणं आहे: धंद्याचा विषय परीक्षागृहात तपासणं म्हणजे पोहणं कागदावर तपासणं.

मग भाचीने तिच्या वर्गातली एक गोष्ट सांगितली. कॉलेजात दरवर्षी खाद्यजत्रा भरते. मुलं गट करतात, स्टॉल लावतात, विकतात आणि नफ्याचा अहवाल देतात. तीन वर्षांपूर्वी एका गटाने साबुदाणावडे विकून सर्वांत जास्त नफा दाखवला. साबुदाणा, दाणे, बटाटे, तेल, प्लेट, सगळा खर्च पावत्यांसह मांडलेला. भाची त्यांना बक्षीस देणार होती. तेवढ्यात तिने सहज विचारलं, वडे तळले कुणी? दोघांच्या आया पहाटे चारला उठून बसल्या होत्या. गॅस घरचा, कढई घरची, स्टॉलची जागा कॉलेजची.

“मी त्यांना म्हटलं, आयांचे तास लिहा. तासाला शंभर रुपये धरा, फार नाही. नफा गेला. एक पोरगा रडवेला झाला, म्हणाला, मॅडम, आई कधी पैसे मागते का? मी म्हटलं, मागत नाही म्हणून तर तुमचा नफा दिसला.”

त्या वर्षापासून तिच्या वर्गातल्या हिशेबात एक रकाना वाढला: घरचे हात. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तो नाही. तिला वाटतं, सगळ्या विषयात शिकवण्यासारखी गोष्ट एकच असेल तर ही.

“आपल्याकडे हे सगळीकडे आहे. येवल्यात मागावर बसलेला विणकर सगळ्यांना दिसतो. कांड्या भरणारे हात घरचे असतात, ते पैठणीच्या किमतीत कुठे शोधायचे? आणि गंमत बघा, सिन्नरकडे बाया घरी बसून बिड्या वळतात, तिथे हजारामागे मजुरी ठरलेली असते. परक्याच्या घरातला हात मोजावा लागतो म्हणून मोजला. आपल्या घरातला कुणी मोजत नाही.”

सिन्नरच्या बिडी व्यवसायाचं आणि नाशिकच्या वाणिज्य शिक्षणाचं नातं जुनं आहे. कॉलेज रोडवरच्या बीवायके महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते भिकुसा यमासा क्षत्रिय सिन्नरचे बिडी उद्योजक. बी.कॉम.च्या पिढ्यान्‌पिढ्या त्या कमानीखालून बाहेर पडल्या. हजार नगांना किती मजुरी, पानं किती, तंबाखू किती, फुटलेला माल किती, हा हिशेब ज्या धंद्याचा प्राण होता, त्या धंद्याच्या पैशाने वाणिज्याचं नाव मोठं झालं. भाचीने तिच्या मुलांना त्या नावामागचा माणूस सांगायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांना बीवायके ही नुसती इंग्रजी अक्षरं वाटत असल्याचं तिच्या लक्षात आलं.

“बरं,” मामा म्हणाले, “माझा हिशेब कर. मुलांचे वडे बास झाले.”

त्यांनी बाकावरचा एक बुश उचलून तिच्या हातात दिला. अंगठ्याएवढा, अजून तेलकट. माल कंपनीचा, टर्निंग मामांचं, पीसला चौदा रुपये. भाचीने चलानच्या पुस्तकातलं एक रद्द झालेलं पान उलटं केलं.

“तासाला किती निघतात?”

“दोन मिनिटांचा सायकल टाइम. तीस.”

“खरंच तीस?”

मागून धाकटी म्हणाली, “चोवीस. लोड करायला, गेज लावायला, इन्सर्ट बदलायला वेळ जातो. मी मोजलंय.”

मामांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं, पण काही बोलले नाहीत.

चोवीस गुणिले चौदा, तासाला ३३६ रुपये. मग खाली खर्च. मशीनचं वीस लाखांचं कर्ज, हप्ता त्रेचाळीस हजार. एक शिफ्ट, दहा तास, सव्वीस दिवस, म्हणजे २६० तास. तासाला १६५. ऑपरेटरला वीस हजार, तासाला ७७. वीज ५०. इन्सर्ट आणि कुलंट २५. गाळ्याच्या भाड्यातला या मशीनचा वाटा २०. भाचीने बेरीज केली आणि पेन मामांकडे सरकवलं. त्यांनी पुन्हा केली. ३३७.

“एक रुपया तोटा,” भाची म्हणाली. “आणि यात तुमचा पगार नाही.”

“मग घर कशावर चालतंय?”

“त्या दोन जुन्या लेथवर. त्यांचं कर्ज फिटलंय. त्या दोघी या नवीचा हप्ता भरतायत.”

मामांनी भिंतीलगतच्या लेथकडे पाहिलं. हे त्यांना कुठेतरी ठाऊक होतं. महिनाअखेरीला दम लागतो, एवढं त्यांना जाणवत होतं. कोणत्या मशीनमुळे लागतो, ते कागदावर पहिल्यांदाच दिसलं.

पण ते हरलेले नव्हते. “आता माझं ऐक. मी चौदाचे अठरा मागितले की पुढच्या महिन्यात हे काम शेजारच्या गाळ्यात जातं. तो तेराला करतो. तुझ्या कागदावर शेजारचा गाळा कुठे आहे? आणि ही पार्टी मी का सोडत नाही माहितीये? लॉकडाऊनमध्ये सगळे बंद होते, तेव्हा यांच्या खरेदीवाल्याने पहिला फोन मला केला. त्याला ठाऊक आहे, माझा बुश परत येत नाही. मी आवाजावरून सांगतो इन्सर्ट संपलाय का. हे कुठल्या सेमिस्टरला शिकवणार?”

“कुठल्याच नाही. ते तुम्ही शिकवणार. पण तोट्याचं काम माहीत असून धरणं वेगळं आणि माहीत नसताना धरणं वेगळं. माहीत असलं तर दुसरी शिफ्ट लावायचा विचार कराल. तास दुप्पट झाले की हप्ता निम्म्यावर येतो, ब्याऐंशी-त्र्याऐंशी. भाडं निम्मं. तोच बुश, तेच चौदा, आणि तासाला नव्वद रुपये सुटतात.”

“दुसऱ्या शिफ्टला ऑपरेटर मिळत नाही.”

“मग तो तुमचा खरा प्रश्न आहे. दर नाही.”

उधारीचं पान निघालं तेव्हा मामांचा आवाज बदलला. एका मोठ्या कंपनीकडे नव्वद दिवसांचं बिल अडकलं होतं. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यायला सांगतो. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आणलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. भाचीने हे सांगितलं. मामांना निम्मं माहीत होतं, बाकीचं त्यांनी ऐकून घेतलं.

“तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद.”

“म्हणून तक्रार आधी नको. उद्यम नोंदणीचा नंबर प्रत्येक बिलावर छापा. मार्चच्या आत त्यांच्या अकाउंट्सवाल्याला त्या कलमाची आठवण करून द्या, त्यालाही कर वाचवायचाय. कॅश क्रेडिट खात्यावर त्या पंचेचाळीस जादा दिवसांचं व्याज दर महिन्याच्या बिलामागे हजार रुपये जातंय तुमचं, ते डायरीत लिहा.”

मामांनी नंबर छापण्याची गोष्ट चलानच्या पानावरच लिहून घेतली, आणि खाली रेघ मारली.

वीज आली. मशीनच्या पॅनलवर दिवे लागले, ऑपरेटर बाहेरून आत आला. बोलणं आता ओरडून करावं लागणार होतं. भाचीने पटकन विचारून घेतलं: शनिवारी माझ्या वर्गावर या. भाषण नको. हा बुश आणा, हे पान आणा, आणि मुलांना दर लावायला सांगा.

“कॉलेजात मी काय बोलणार?”

“आत्ता बोललात तेच.”

“शेजारचा गाळासुद्धा सांगेन.”

“तोच आधी सांगा.”

मामांनी माहितीपत्रक उचललं, कुलंटचा डाग बाहीने पुसायचा प्रयत्न केला, तो पसरला. फी किती, सकाळचं कॉलेज किती वाजता सुटतं, असे प्रश्न त्यांनी मुलीला विचारले. साडेअकराला, ती म्हणाली. बारापासून गाळ्यात येता येईल. त्यांनी हो म्हटलं नाही, पण माहितीपत्रक घडी करून खिशात ठेवलं.

दाराशी मामी डबा घेऊन आल्या होत्या. छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, साडीचा पदर खोचला आणि सवयीने बाकापाशी जाऊन, दुपारी निघालेले बुश तपासायला ट्रे पुढे ओढला. रोज संध्याकाळी तपासणी आणि पॅकिंग त्याच करतात. गेजमध्ये न बसणारा पीस त्यांच्या हातून सुटत नाही, म्हणून मामांचा माल परत येत नाही.

धाकटीने टेबलावरचं पान घेतलं. वीज, इन्सर्ट, भाडं, सगळ्या ओळींवरून तिचं बोट खाली आलं.

“बाबा, यात आई कुठे लिहू?”

मशीनचा आवाज होता, मामांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. मामींनी मात्र ऐकलं. हातातला बुश गेजमधून काढून त्यांनी ट्रेमध्ये टाकला.

“लिही,” त्या म्हणाल्या. “सहा ते नऊ. रविवार सोडून.”